ग्रामपंचायतीची मासिक सभा, नमुना आठ आणि दाखले: सेवेचा रोखठोक रिव्ह्यू

मराठवाड्यातल्या साध्या, सात-नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीकडून गावकऱ्याला काय मिळतं, कसं मिळतं आणि कुठं अडकतं, याचा हा रिव्ह्यू. कुठल्या एका गावाचा नाही. संभाजीनगरपासून धाराशिवपर्यंत आठही जिल्ह्यांत कायदा एकच, नोंदवह्यांचे नमुने तेच आणि अडायच्या जागाही त्याच. निकाल आधीच सांगून टाकतो. दाखल्यांची खिडकी बरी चालते, साडेतीन स्टार. घरपट्टीची वसुली ठीक, तीन. पैशाचा हिशेब आता मोबाइलवर दिसतो, त्याला चार द्यायला हरकत नाही. पण हे सगळं ज्याच्या जोरावर चालतं ते मासिक सभेचं प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्ताची वही, बहुतेक ठिकाणी दीड स्टारच्या पुढं जात नाही. टँकर उशिरा येणं, वारसाची नोंद लटकणं, नालीचं बिल दोनदा निघाल्यासारखं दिसणं, या तक्रारी वरवर वेगवेगळ्या दिसतात. मागं जाऊन पाहिलं की अर्ध्याअधिक प्रकरणांत ठरावच अर्धवट लिहिलेला सापडतो. म्हणून या रिव्ह्यूत सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

मासिक सभा

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे पंचायतीची सभा महिन्यातून किमान एकदा व्हायला पाहिजे. सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण तीन दिवस आधी, विशेष सभेची एक दिवस आधी. शिपाई अजेंडा घेऊन घरोघर फिरतो आणि वहीत सदस्याची सही घेतो. सदस्य शेतात असला की घरातल्या कुणाची तरी सही घेऊन तो पुढं जातो. पुढं कधी वाद झाला की "मला नोटीसच नव्हती" इथूनच सुरुवात होते. घरच्याची सही घ्यायचीच असेल तर त्याचं नाव, नातं, तारीख आणि वेळ शेजारी लिहायला अर्धं मिनिट लागतं. तेवढं कुणी लिहीत नाही.

कोरम निम्म्या सदस्यांचा. तो भरला नाही तर सभा तहकूब करायची आणि तसं लिहायचं, हा नियम. चालतं ते असं: तहकूब लिहायचं नाही, दुसऱ्या दिवशी वही सदस्यांच्या घरी पाठवायची, उपस्थितीच्या सह्या घ्यायच्या आणि मजकूर निवांत भरायचा. सरपंचानं सबळ कारणाशिवाय नियमाप्रमाणे सभा बोलावल्या नाहीत तर कलम ३६ खाली पद जाऊ शकतं, त्यामुळं कागदावर सभा कधी चुकत नाही. या बाबतीत मराठवाडा फार काटेकोर आहे.

अशी मागाहून भरलेली सभा ओळखायची असेल तर प्रोसिडिंगचं पान नीट बघावं. सह्या आधी झालेल्या असतात, मजकूर नंतर येतो. म्हणून शेवटचा ठराव सह्यांच्या वरच्या उरलेल्या जागेत बारीक अक्षरात दाटून बसवलेला असतो, किंवा उलट, सह्यांच्या वर चार ओळी मोकळ्या राहिलेल्या असतात. शाई बदललेली दिसते. ठराव क्रमांक सातनंतर "७ अ" येतो. सूचक म्हणून ज्याचं नाव आहे त्याची उपस्थितीच्या रकान्यात सहीच नसते. हा शेवटचा दोष सापडला तर तो ठराव कुठल्याही चौकशीत टिकायला अवघड. उपाय साधा आहे. पानांना छापील क्रमांक असलेली वही घ्यावी, शेवटच्या ठरावाखाली आडवी रेघ मारावी आणि रेघेला लागूनच अध्यक्ष आणि सचिवानं त्याच दिवशी सही करावी.

अजेंड्याचा क्रम सगळीकडं ठरलेला: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, मागील महिन्याच्या जमाखर्चास मंजुरी देणे, आलेले अर्ज आणि शासकीय परिपत्रकं, मग गावाचे विषय, आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचे विषय. यातला दुसरा विषय सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात लवकर उरकला जाणारा. जमाखर्च वाचणं म्हणजे "खर्च वाचून दाखवला, मंजूर" एवढं नव्हे. ग्रामनिधी, पाणीपुरवठा आणि वित्त आयोग यांची खाती वेगळी असतात. प्रत्येक खात्याची आरंभीची शिल्लक, महिन्याची जमा, खर्च आणि अखेरची शिल्लक सभेत सांगितली गेली पाहिजे, आणि नमुना ५ म्हणजे रोकडवहीतली शिल्लक बँकेच्या पासबुकाशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर फरक का, तेही सांगितलं पाहिजे. न वटलेला चेक किंवा न भरलेली वसुली, यापैकी काहीतरी असतंच. वसुलीची रोकड आधी बँकेत भरायची आणि मग खर्च करायचा, हा नियम मोडला गेला की फरक इथंच दिसतो. सदस्यानं फक्त पासबुक मागितलं तरी सभेची गाडी रुळावर येते.

ऐनवेळच्या विषयांबद्दल एकच सांगणं. तिथं किरकोळ, तातडीचं काम घ्यायचं असतं: मोटार जळाली, पाइप फुटला. जागेची नोंद, गाळ्याचं भाडं, गायरानावरचं काही, असले विषय तिथं दिसले की समजावं, अजेंडा मुद्दाम मोघम ठेवला होता.

महिला सरपंच असतील तर खुर्चीवर कोण बसलंय तेही बघावं लागतं. पतीनं किंवा नातेवाइकानं सभा चालवायला शासनाची मनाई आहे. तरी बऱ्याच ठिकाणी बाई सह्यांपुरत्या येतात आणि बोलणं दुसऱ्याचं असतं. या एका कारणासाठी अर्धा स्टार कापला आहे.

ठराव कसा लिहिलेला असतो, कसा पाहिजे

टँकरचं उदाहरण घेऊ, कारण मार्च सरला की जालना, बीड, संभाजीनगरच्या बऱ्याच भागांत हाच ठराव लागतो. नेहमीचा ठराव असा असतो: "गावातील तीव्र पाणीटंचाईबाबत सभेत सविस्तर चर्चा करण्यात आली. टँकर सुरू करण्याबाबत वरिष्ठांना कळविण्यात यावे. ठराव सर्वानुमते मंजूर." सूचक अमुक, अनुमोदक तमुक. हा कागद पंचायत समितीत गेला की आठवड्यानं त्रुटी लावून परत येतो, आणि गावात ओरड होते की साहेब लोक टँकर देत नाहीत.

प्रस्ताव गटविकास अधिकाऱ्यांमार्फत तहसीलला जातो, महसूल आणि पंचायत समितीचे लोक संयुक्त पाहणी करतात आणि मग मंजुरी निघते. पाहणीत ते जे विचारणार ते ठरावात आधीच असलं पाहिजे. वस्तीचं किंवा तांड्याचं नाव, गावठाणासकट प्रत्येकाची वेगळी लोकसंख्या. सार्वजनिक विहिरी आणि बोअर किती, त्यातलं कोणतं कधीपासून आटलं. जवळपास अधिग्रहण करण्यासारखी खासगी विहीर आहे का, असेल तर गट नंबर, आणि नसेल तर तसा स्पष्ट उल्लेख, कारण अधिग्रहणाचा मार्ग शिल्लक असताना टँकर मंजूर होत नाही. टँकर कुठून भरणार आणि कुठं ओतणार, टाकीत का विहिरीत. आणि रोजची गरज लिटरमध्ये.

गरजेचा हिशेब टंचाईच्या निकषाप्रमाणे माणशी रोज २० लिटर असा होतो. समजा गाव आणि तांडा मिळून १,४५० माणसं आहेत. रोजचे झाले २९,००० लिटर. १२,००० लिटरच्या टँकरच्या दोन खेपा म्हणजे २४,०००, रोज पाच हजार कमी. म्हणजे तीन खेपांची मागणी करायची आणि हिशेब ठरावातच मांडायचा. नुसतं "पुरेशा खेपा" लिहिलं की दोन मिळतात. लोकसंख्येत आणखी एक खोच आहे: २०११ च्या जनगणनेचा आकडा तसाच टाकला तर तांड्यावर नंतर वाढलेली घरं त्यात नसतात. सध्याचा आकडा द्यायचा असेल तर तो कशावरून घेतला, अंगणवाडीच्या सर्वेक्षणावरून का मतदार यादीवरून, हे जोडावं.

टँकर सुरू झाल्यावरही काम संपत नाही. प्रत्येक खेपेला लॉगबुकवर तारीख, वेळ आणि गावातल्या ठरलेल्या माणसाची सही लागते. ती सही गावातल्या महिलांची असली तर उत्तम, कारण पाणी आलं का नाही हे त्यांनाच पक्कं माहीत असतं. पंधरा दिवसांच्या सह्या एकदम करून देणं हा सर्रास चालणारा प्रकार. जीपीएसच्या नोंदी आणि लॉगबुक जुळले नाहीत की बिलावर आक्षेप येतो, पुरवठादार टँकर थांबवतो आणि ऐन मे महिन्यात हंडे पुन्हा रांगेत लागतात.

नमुना आठ

ज्याला आपण "आठचा उतारा" म्हणतो ती कर आकारणी नोंदवही आहे. कुणाकडून किती घरपट्टी घ्यायची, एवढ्यासाठी ती ठेवलेली. त्यामुळं उताऱ्यावर नाव आहे म्हणून घर आपल्या मालकीचं झालं, हा गावोगावचा समज चुकीचा आहे. आणि नाव नाही म्हणून हक्क गेला, हाही. ज्या गावांच्या गावठाणात स्वामित्व योजनेखाली ड्रोननं मोजणी होऊन सनद आणि मिळकत पत्रिका मिळाल्या आहेत, तिथं भूमी अभिलेखचा तो कागद जवळ ठेवावा. आठचा उतारा कराचा कागद म्हणून ठेवावा. दोन्हीतलं क्षेत्रफळ जुळत नसेल तर आत्ताच अर्ज करावा, विक्रीच्या वेळी नको.

उतारा हातात पडला की चार गोष्टी तपासायच्या. पहिली, मालकाचं नाव आणि भोगवटादाराचं, म्हणजे प्रत्यक्ष वापरणाऱ्याचं नाव. दोन्ही रकाने वेगळे असतात आणि ऑनलाइन भरताना सरमिसळ झालेली आढळते. दुसरी, क्षेत्रफळ आणि त्याचं एकक. जुन्या हस्तलिखित वहीत फूट, संगणकात मीटर. ६०० चौरस फूट म्हणजे ५५.७४ चौरस मीटर. ६०० हा आकडा तसाच मीटरच्या रकान्यात गेला तर आकारणी जवळपास अकरापट जागेवर होते. बिल बघून माणूस हबकतो आणि कर वाढवला म्हणून सरपंचाला शिव्या देतो. चूक टायपिंगची असते. तिसरी, बांधकामाचा प्रकार. आकारणी आता भांडवली मूल्यावर होते, त्यामुळं माती-विटांचं घर, पक्कं घर आणि आरसीसी यांचे दर वेगळे, आणि घराचं वय वाढलं की घसारा मिळतो. आपल्याकडं माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं घर पडून पत्र्याचं झालं, पत्र्याचं जाऊन स्लॅब पडला, पण वहीत अजून माळवदच, हे नेहमीचं. उलटही असतं: वाडा पडून नुसती मोकळी जागा राहिली तरी घरपट्टी चालूच. चौथी, वापर. पुढच्या खोलीत किराणा दुकान आहे म्हणून सगळं घर व्यापारी धरलेलं असेल तर दुकानाचं माप वेगळं दाखवून मागता येतं.

आकारणीची फेरतपासणी चार वर्षांतून एकदा होते. त्या वेळी यादी लावतात, हरकती मागवतात, आणि हरकतीची मुदत नोटीसमध्येच लिहिलेली असते. बहुतेक लोक नोटीस वाचत नाहीत. नंतर दुरुस्ती होते, पण त्यासाठी अर्ज, स्थळपाहणी आणि पुन्हा मासिक सभा.

वारस नोंदीचं तर गाडं कायम इथंच रुततं. अर्जासोबत मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं आणि नाती असलेलं प्रतिज्ञापत्र, चालू उतारा आणि थकबाकी भरल्याची पावती लागते. बहिणींची नावं वगळून दिलेला अर्ज घेऊच नये, पण घेतला जातो, आणि मग चार-पाच वर्षांनी वाद तालुक्याला. अर्ज आल्यावर हरकतीची नोटीस, मग मासिक सभेत विषय, ठराव आणि शेवटी नोंदवहीत बदल. हा शेवटचा टप्पाच राहून जातो. ठराव झाला की माणूस निश्चिंत होतो. वहीत मात्र जुनंच नाव. नोंद झाली असेल तर वहीत नावासमोर ठराव क्रमांक आणि सभेची तारीख लिहिलेली असते. ती दिसल्याशिवाय नवा उतारा घेऊ नये, आणि संगणकातला उतारा हस्तलिखित वहीशी पडताळून घ्यावा.

घरपट्टी आणि पावती

मागणीचं बिल वेगळं आणि पावती वेगळी. कराची पावती नमुना १० मध्ये मिळते. नमुना ७ ही सामान्य पावती, इतर जमेसाठी. नमुना १० वर घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणीपट्टी हे रकाने वेगळे असतात आणि मागील बाकी व चालू मागणी वेगळी. एकरकमी आकडा टाकलेली पावती घेऊ नये. वसुलीच्या मोहिमेत कर्मचारी चिठ्ठीवर कच्ची पोच देतात, "पक्की नंतर देतो" म्हणून. ती पक्की पावती मिळेपर्यंत पैसे भरले असं धरू नये. सप्टेंबरअखेर चालू वर्षाचा कर भरला तर पाच टक्के सूट, आणि ती सूट पावतीवर दिसली पाहिजे.

बेबाकी, म्हणजे काही थकबाकी नसल्याचा दाखला, बहुतेकांना आठवते ती निवडणुकीत. मागणीचं बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत पंचायतीचं येणं भरलं नाही तर कलम १४ खाली अपात्रता येते, म्हणून उमेदवार अर्ज भरायच्या आठवड्यात खिडकीवर झुंबड उडते. ज्यांनी वर्षानुवर्षं पाणीपट्टी दिली नाही तेही त्या दिवशी सुट्टे पैसे घेऊन हजर असतात. एरवी थकबाकीची नोटीस राष्ट्रीय लोकअदालतीकडून येते, तेव्हा घाबरून जाऊ नये. तिथं हप्ते पाडून मागता येतात.

दाखल्यांची खिडकी

लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून लागू आहे. कोणती सेवा, किती दिवसांत, किती शुल्कात आणि अपील कुणाकडं, हे कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक. फलक बहुतेक ठिकाणी आहे, कपाटामागं. आपले सरकार सेवा केंद्राचा संगणक परिचालक, म्हणजे पूर्वीच्या संग्राम केंद्राचा वारसदार, अर्ज भरून देतो. अर्जाचा क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नये, कारण मुदत त्या दिवसापासून मोजली जाते. रहिवासासारख्या बऱ्याच गोष्टींना आता ग्रामसेवकाचा दाखला लागत नाही, स्वयंघोषणापत्र चालतं. काही शाळा आणि बँका अजून दाखलाच मागतात. चूक त्यांची असते आणि हेलपाटा गावकऱ्याचा.

जन्मदाखल्यात सगळ्यात जास्त फेऱ्या एका गैरसमजानं होतात. जन्माची नोंद जिथं बाळंतपण झालं तिथं होते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा शहरातल्या दवाखान्यात बाळ झालं असेल तर दाखला तिथल्या निबंधकाकडं मिळणार, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. नोंदीची साधी मुदत २१ दिवस. नोंदीच्या वेळी बाळाचं नाव ठरलेलं नसतं, रकाना रिकामा राहतो आणि शाळेत घालताना धावपळ होते. नाव नंतर टाकता येतं, एका वर्षाच्या आत विनाशुल्क आणि पुढं १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत हाच दाखला जन्माचा पुरावा आहे, तेव्हा आईवडिलांच्या नावाचं स्पेलिंग आधारशी जुळवूनच अर्ज द्यावा.

विवाह नोंदणीला तीन साक्षीदार लागतात, आणि लग्नापासून ९० दिवसांच्या आत गेलात तर जादा शुल्क पडत नाही. उन्हाळ्यातली लग्नं पावसाळ्यात नोंदवायला जाणारे दोन-चार आठवड्यांनी चुकतात.

खिडकीची खरी अडचण माणसांची. एका ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (२०२४ पासून ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी या दोन्ही पदांचं हेच नाव, गावात मात्र भाऊसाहेबच) दोन-तीन गावं असतात. कोणत्या वारी कोणत्या गावात, याचा तक्ता दारावर पाहिजे. तो असला तरी पंचायत समितीत मीटिंग लागली की तो दिवस गेला. फोन करून मगच निघावं.

पैसा कुठं दिसतो

पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानात ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, आणि ४० टक्के अबंधित; अबंधितमधूनही पगार आणि आस्थापना खर्च चालत नाही. काम ग्रामसभेनं मंजूर केलेल्या विकास आराखड्यात असावं लागतं आणि तो आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवावा लागतो. तिथं कामाला कोड पडतो, कोड नाही तर पेमेंट नाही. पेमेंटला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांचं डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं टोकन लागतं. सरपंच बदलला, टोकनची मुदत संपली किंवा ओटीपीचा मोबाइल नंबर जुनाच राहिला, की खात्यात पैसे असून बिलं लटकतात. "निधी आला नाही" असं सांगितलं जातं तेव्हा निम्म्या वेळा डीएससी अडकलेलं असतं. विचारताना थेट तेच विचारावं.

"मेरी पंचायत" ॲप आणि ई-ग्रामस्वराजचे अहवाल कुणालाही लॉगिनशिवाय बघता येतात: राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की आराखड्यातली कामं आणि झालेला खर्च दिसतो. सेवा म्हणून ही यातली सगळ्यात चांगली गोष्ट. उणीव एवढीच की कामाची नावं गावाकडून जशी भरली तशीच दिसतात. "गावांतर्गत नाली बांधकाम" असं नाव दोन वर्षांत तीनदा दिसलं तर तीन नाल्या झाल्या का एकच तीनदा, हे ॲप सांगू शकत नाही. ठरावात "मारुती मंदिर ते जिल्हा परिषद शाळा, लांबी ८५ मीटर" असं लिहिलं असतं तर पोर्टलवरही तेच आलं असतं. अशा वेळी ॲपवरची रक्कम आणि तारीख टिपून घ्यावी आणि त्या कामाची मोजमाप वही मागावी; अभियंत्यानं नोंदलेली लांबी, रुंदी, खोली तिथं असते आणि ती टेप लावून पडताळता येते.

पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खुर्च्या, सतरंज्या आणि शिलाई मशीन यांची बिलं दिसली की हाच खर्च उरकणं चाललंय असं समजावं.

पाण्याचं क्लोरीन

हे थोडक्यात. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ३३ टक्के क्लोरीनची असेल तर साधारण १,००० लिटरला ५ ग्रॅम. ५०,००० लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. पावडर आधी बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचं पाणी टाकीत सोडायचं आणि अर्धा तास थांबून मगच नळ सोडायचा. पोतं उघडं किंवा ओलीत राहिलं की ताकद जाते, मग तेवढीच पावडर टाकून उपयोग नाही. शेवटच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी, करून पाणी पिवळसर झालं पाहिजे. ती रोज करायची असते. नोंदवहीत सात दिवसांच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच हातानं केलेल्या दिसल्या तर टेस्ट झालेली नाही.

ग्रामसभा आणि तक्रार

ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती. ती न भरल्यानं तहकूब झालेली सभा पुन्हा घेताना गणपूर्ती लागत नाही, आणि कित्येक मोठे निर्णय त्या दुसऱ्या, रिकाम्या सभेत होतात. म्हणून पहिल्या सभेला जावं, का दुसऱ्या, असा प्रश्न असेल तर दुसऱ्या. वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेत मागच्या वर्षाचं लेखाविवरण, प्रशासन अहवाल आणि लेखापरीक्षणाची टिपणी त्यावरच्या उत्तरांसह ठेवावी लागते. हे तीन कागद नाव घेऊन मागितले तरच बाहेर येतात.

दाखला मुदतीत मिळाला नाही किंवा कारण न देता फेटाळला, तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील. तिथं निकाल लागला नाही तर दुसरं, आणि तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडं. कसुरी सिद्ध झाली तर पदनिर्देशित, म्हणजे ती सेवा द्यायची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपिलासोबत अर्जाची पोच जोडावीच लागते. ती नसेल तर मुदत कधी संपली हेच सिद्ध होत नाही. प्रोसिडिंगची प्रत मात्र लोकसेवा हक्क कायद्याच्या सेवांच्या यादीत नाही, ती माहिती अधिकारात मागावी. अर्जात "मासिक सभांची माहिती द्यावी" असं मोघम लिहू नये. सभेची तारीख, ठराव क्रमांक, आणि त्याच सभेचं उपस्थितीपत्रक व नोटीस बजावल्याची वही, अशा तिन्हींच्या प्रती मागाव्यात. तिन्ही शेजारी ठेवून वाचल्या की सूचक त्या दिवशी सभेत होता का नव्हता, ते लगेच कळतं.